मशीनवरच्या प्रोग्रामची खरी तारीख: एसव्हीएन टाइमस्टॅम्पच्या नोंदी

अंबड एमआयडीसीत एक्स्लो पॉइंटपासून जवळच आमचं जॉबवर्कचं शॉप आहे. तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), दोन टर्निंग सेंटर. प्रोग्रामिंग मी बघते. ३ जूनला आम्ही गेल्या अकरा वर्षांचे ४१२ प्रोग्राम नेटवर्कवरच्या साध्या फोल्डरमधून उचलून एसव्हीएनमध्ये, म्हणजे फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकले. पुढचे सहा आठवडे माझा बराच वेळ फाइलींवरच्या तारखा दुरुस्त करण्यात गेला. लहान शॉपमध्ये हेच काम कुणी करणार असेल, तर आमचे गेलेले दिवस त्याचे वाचावेत म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

५ जून २०२४

दुपारच्या शिफ्टला दोन नंबर व्हीएमसीवर ब्रॅकेटचे ११ नग रिजेक्ट. पार्टीने मेमध्ये ड्रॉइंग बदललं होतं. चार एम८ होलचं पीसीडी (होल ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) ६२ वरून ६४ झालं, म्हणजे ड्रॉइंगच्या रेव्ह (आवृत्ती) सीची रेव्ह डी झाली. डीचा प्रोग्राम तयार होता, फोल्डरमध्येही होता. मशीनवर मात्र सी चालला. पहिला नग तपासला, पण तपासणाऱ्याच्या हातात ड्रॉइंगही जुनंच होतं, त्यामुळे तो पास झाला.

आमचे सेटर (मशीनवर जॉब आणि प्रोग्राम लावणारे) नाना अठरा वर्षं मशीनवर आहेत. त्यांच्यावर कुणी आवाज चढवायच्या आत मी जाऊन विचारलं. ते म्हणाले, "ताई, मी कायम तारीख बघूनच प्रोग्राम घेतो. सगळ्यात वरचा, सगळ्यात नवा. आज सगळ्यांवर एकच तारीख आहे. मी काय बघणार?"

मशीनशेजारचा पीसी उघडला. ४१२ च्या ४१२ फाइलींवर ३ जून, सकाळी ११:४२. मी त्या पीसीवर चेकआउट केलं, म्हणजे एसव्हीएनमधून फाइलींची प्रत उतरवली, ती वेळ. २०१३ चा प्रोग्राम आणि गेल्या आठवड्यातला प्रोग्राम, दोन्ही एकाच मिनिटाला जन्मलेले.

नुकसान: नगामागे कास्टिंग आणि मशिनिंग धरून ६४० रुपये, एकूण ७,०४० रुपये. चूक नानांची नाही. नवी पद्धत आणताना ते फाइल कशी निवडतात हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.

६ जून

कारण सापडायला वेळ लागला नाही. फाइल चेकआउट किंवा अपडेट झाली की एसव्हीएन तिच्यावर त्या क्षणाची वेळ टाकतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हेच हवं असतं, कारण त्यांची बिल्ड करणारी साधनं तारखेवरून ठरवतात की कोणती फाइल पुन्हा कंपाइल करायची. जुनी आवृत्ती आणली आणि तारीखही जुनीच राहिली, तर बदल झाल्याचं त्या साधनांना कळणार नाही. आमच्याकडे कंपाइल काही होत नाही. आमच्याकडे माणूस तारीख वाचतो आणि त्यावरून मशीन चालवतो.

आज तात्पुरतं एवढंच केलं: रेव्ह ए, बी, सी अशा एकाच जॉबच्या जुन्या फाइली काढून टाकल्या. एका जॉबला एक नाव, एक फाइल. जुनं लागलं तर इतिहासात आहेच. हे ३ तारखेलाच करायला हवं होतं. जुना फोल्डर जसाच्या तसा आत ढकलला, त्यात 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन २' तिन्ही आत गेले. मोजदाद: ४१२ पैकी १०१ गेल्या, ३११ राहिल्या.

७ जून

ऑफिसमधला नवा मुलगा म्हणाला, गिट वापरू (एसव्हीएनसारखंच दुसरं सॉफ्टवेअर). एक पूर्ण दिवस दिला. गिट फाइलीचं नाव, मजकूर आणि ती चालवता येते की नाही एवढंच जपतं. तारीख कमिटला (बदल आत नोंदवला त्या नोंदीला) असते, फाइलीला नसते. चेकआउट केलं की इथेही 'आत्ता'. प्रत्येक फाइलीचं शेवटचं कमिट शोधून ती वेळ फाइलीवर टाकणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात. एक चालवून पाहिली, चालतेही. पण त्या मुलाने क्लोन (गिटमधली प्रत) लवकर व्हावा म्हणून फक्त शेवटच्या कमिटपुरता घेतला होता, आणि मागचा इतिहासच नसल्यामुळे सगळ्या फाइलींवर त्या एका कमिटची तारीख चढली. ही पायरी दर वेळी कुणीतरी आठवणीने चालवायची, आणि विसरली तर पुन्हा ५ जून. शिवाय आमच्या कॅमच्या (प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फाइली बायनरी आहेत, दोघांनी एकदम बदलू नयेत म्हणून त्यांना कुलूप लागतं आणि ते एसव्हीएनमध्ये आहे. गिट बाजूला ठेवलं.

१० जून

एसव्हीएनला यासाठी सेटिंग आहे. क्लायंटच्या (आपल्या पीसीवरच्या एसव्हीएनच्या) कॉन्फिग फाइलीत 'मिसेलनी' विभागात 'यूझ-कमिट-टाइम्स' अशी ओळ असते, तिच्यापुढे 'येस' लिहायचं. मग चेकआउट, अपडेट, स्विच आणि रिव्हर्ट करताना फाइलीवर तिच्या शेवटच्या कमिटची वेळ येते. टॉर्टॉइज एसव्हीएन (विंडोजमध्ये माउसने वापरायचं एसव्हीएन) वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये जनरलच्या पानावर फाइलीला शेवटच्या कमिटची तारीख देण्याचा चौकोन आहे, तिथे टिक केली की झालं.

कमांडलाइनसाठी मी कॉन्फिग फाइल हाताने बदलली आणि दीड तास गेला. ती ओळ आधीपासून असते, फक्त पुढे हॅशचं चिन्ह लावून बंद केलेली. मी हॅश पुसला, त्यामागची एक मोकळी जागा तशीच राहिली. या फाइलीत मोकळ्या जागेने सुरू होणारी ओळ म्हणजे आधीच्या ओळीचा पुढचा भाग. एसव्हीएनने ओळीचा नंबर देऊन 'ऑप्शन एक्स्पेक्टेड' म्हटलं आणि कुठलीच कमांड चालेना. मी स्पेलिंग तपासत बसले. कर्सर ओळीच्या अगदी सुरुवातीला नेला तेव्हा ती एक जागा दिसली.

ओळ बरोबर झाली, अपडेट केलं, पण तारखा हलल्याच नाहीत. हे सेटिंग त्यानंतर ज्या फाइलींना हात लागेल त्यांनाच लागू होतं. आधीच डिस्कवर असलेल्या, न बदललेल्या फाइलींना अपडेट हात लावतच नाही. वर्किंग कॉपी (पीसीवर उतरवलेली प्रत) पुसून नव्याने चेकआउट केलं, तेव्हा तारखा हलल्या.

११ जून

हलल्या, पण एक सोडून सगळ्या ३ जूनवर आल्या. आता चेकआउटची वेळ नाही, इम्पोर्टची वेळ. एसव्हीएनच्या दृष्टीने ते बरोबरच आहे: ३१० फाइलींचं शेवटचं कमिट ३ जूनलाच झालं आहे. इम्पोर्ट करताना डिस्कवरची मूळ तारीख आत जात नाही.

साहेब म्हणाले, "इथून पुढे बरोबर येतील ना? मग सोडा." मला सोडवेना. २०१५ पासून न बदललेला प्रोग्राम म्हणजे शेकडो नग निघालेला, पारखलेला प्रोग्राम. त्याच्यावर ३ जून २०२४ दिसली तर नाना तो नवा समजून सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवतील, अर्धा तास घालवतील. नव्याला जुना समजले तर त्याहून वाईट. दोन दिवस मागून घेतले. नशिबाने जुना नेटवर्क फोल्डर मी पुसलेला नव्हता. तुम्हीही पुसू नका.

१३ जून

रीत अशी. कमिटची वेळ एसव्हीएनमध्ये 'एसव्हीएन:डेट' नावाच्या रिव्हिजन प्रॉपर्टीत असते आणि ती नंतर बदलता येते. त्यासाठी रिपॉझिटरीच्या (सर्व्हरवरच्या एसव्हीएनच्या साठ्याच्या) हुक्स फोल्डरमध्ये 'प्री-रेव्हप्रॉप-चेंज' नावाची बॅच फाइल ठेवावी लागते, जी शून्य परत देते. ती नसेल तर सर्व्हर बदल नाकारतो. काम झाल्यावर मी ती काढून टाकली, कारण या बदलाचा मागे कुठलाही इतिहास राहत नाही. जुनं मूल्य गेलं ते गेलंच.

नवी रिकामी रिपॉझिटरी केली. पॉवरशेलची स्क्रिप्ट लिहिली: फाइली मूळ तारखेप्रमाणे जुन्याकडून नव्याकडे लावायच्या, एका दिवसाच्या फाइली एका कमिटमध्ये टाकायच्या, आणि त्या रिव्हिजनच्या एसव्हीएन:डेटमध्ये गटातल्या शेवटच्या फाइलीची वेळ भरायची. क्रम महत्त्वाचा आहे. रिव्हिजन नंबर चढत जातो तशी तारीखही चढली पाहिजे, नाहीतर पुढे 'अमुक तारखेला काय होतं' असं विचारलं की चुकीचं उत्तर मिळतं. १८७ रिव्हिजन झाल्या. स्क्रिप्ट चालायला वीसेक मिनिटं लागली.

एक गाठ हाताने सोडवावी लागली. १९ फाइलींवर जानेवारी २००२ ची तारीख होती. आमचं शॉपच २०१३ चं! पूर्वीच्या एका मशीनच्या पीसीची बॅटरी गेली होती, त्या काळात तिथे सेव्ह झालेल्या त्या फाइली. त्यांच्या तारखा पहिल्या नगाच्या तपासणी रजिस्टरवरून घेतल्या. कपाटाच्या खालच्या कप्प्यात तेलाचे डाग पडलेली ती जाड रजिस्टरं निघाली. प्रत्येक नोंदीत जॉब नंबर, प्रोग्राम नंबर, तारीख आणि सही. सतरा सापडल्या. दोन नाही सापडल्या, त्या रांगेत पहिल्या ठेवल्या आणि कमिटच्या मेसेजमध्ये 'तारीख खात्रीची नाही' असं लिहिलं.

१४ जून

सकाळी चेकआउट केलं, तारखा पाहून समाधान वाटलं. २०१३, २०१४, २०१६, सगळं जिथल्या तिथे. मग एका फाइलीवर नजर थांबली: १५ ऑक्टोबर २०२१, रात्री १२:४०.

तो दसरा होता. शॉप बंद होतं. तो प्रोग्राम मी आदल्या दिवशी, खंडेनवमीला, संध्याकाळी मशीनच्या पूजेसाठी सगळे खोळंबले असताना घाईने संपवला होता, हे मला पक्कं आठवतं. जुन्या फोल्डरमध्ये पाहिलं: १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०. फरक बरोबर साडेपाच तासांचा.

एसव्हीएन:डेटमध्ये वेळ यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) लिहायची असते, शेवटी झेड हे अक्षर असतं ते त्यासाठी. मी पॉवरशेलमधून फाइलीची स्थानिक वेळ घेतली आणि तिच्यामागे झेड लावला. दाखवताना विंडोजने त्यात पुन्हा साडेपाच तास मिळवले. संध्याकाळी साडेसहानंतर सेव्ह झालेली प्रत्येक फाइल पुढच्या दिवसात गेली, म्हणजे दुसऱ्या शिफ्टचं जवळजवळ सगळं काम. दुपारच्या फाइलींची तारीख बरोबर राहिली म्हणून पटकन लक्षात आलं नाही. दसरा नसता तर मी हे तसंच पुढे नेलं असतं.

'लास्ट राइट टाइम'च्या जागी 'लास्ट राइट टाइम यूटीसी' एवढाच बदल. रिपॉझिटरी पुसून परत सगळं. या वेळी दुसऱ्या शिफ्टच्या दहा फाइली जुन्या फोल्डरशी एकेक ताडून पाहिल्या, मगच पुढे गेले.

१८ जून

मशीनच्या पीसींवर एसव्हीएन नको असं ठरलं. ऑफिसच्या पीसीवर 'वितरण' नावाची एक वर्किंग कॉपी. विंडोजचा टास्क शेड्यूलर दर दहा मिनिटांनी ती अपडेट करतो आणि रोबोकॉपी (विंडोजची फाइली कॉपी करणारी कमांड) तिथून मशीनच्या पीसींवर टाकते.

हाताने चालवलं की तारखा बरोबर. शेड्यूलरने चालवलं की पुन्हा 'आत्ता'. अर्धा दिवस यात गेला. हे सेटिंग लॉगिनगणिक वेगळं असतं. मी माझ्या लॉगिनमध्ये केलं, शेड्यूलरचं काम सिस्टम खात्यातून चालत होतं आणि त्या खात्याची कॉन्फिग फाइल वेगळी. सर्व्हरवरून सगळ्यांना एकदम लागू होईल असं हे नाही, प्रत्येक क्लायंटला स्वतंत्रच सांगावं लागतं. उपाय: कमांडमध्येच 'कॉन्फिग-ऑप्शन' जोडून त्यात कॉन्फिग, मिसेलनी, यूझ-कमिट-टाइम्स आणि येस लिहिलं. आता कुठल्याही खात्यातून चालवा, फरक पडत नाही.

आणखी एक, जे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं: 'एक्स्पोर्ट' ही कमांड काहीही सेटिंग न करता नेहमीच शेवटच्या कमिटची तारीख टाकते. ज्यांना फक्त वाचण्यापुरती प्रत हवी आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. आम्ही ती वापरली नाही, कारण रिपॉझिटरीतून काढलेली फाइल एक्स्पोर्ट समोरून पुसत नाही, आणि आम्हाला जुना प्रोग्राम मशीनसमोरून नाहीसा व्हायला हवा.

२० जून

दोन जुन्या मशीनना नेटवर्क नाही, पेनड्राइव्ह लागतो. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये. रोबोकॉपी दर वेळी सगळ्या ३११ फाइली नव्याने टाकत होती, एकही बदललेली नसताना. फॅटमध्ये बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने लिहिली जाते. एसव्हीएनची वेळ सेकंदाच्या बारीक भागापर्यंत असते, त्यामुळे तुलना कधी जुळतच नाही. रोबोकॉपीला 'एफएफटी' हा पर्याय दिला की ती दोन सेकंदांचा फरक सोडून देते. पाच मिनिटांचं काम.

२६ जून

आज पुन्हा थोडक्यात वाचलो. पार्टीने एका फ्लँजचा बदल मागे घेतला, आधीचाच प्रोग्राम चालवा म्हणाली. मी 'वितरण' कॉपीमध्ये त्या फाइलीवर 'अपडेट टू रिव्हिजन' करून जुनी आवृत्ती आणली. जुनी आवृत्ती आली आणि तारीखही जुनी, १२ मार्चची. रोबोकॉपीला मी 'एक्सओ' दिला होता, म्हणजे समोर नवी फाइल असेल तर जुनी टाकू नकोस. तिने टाकली नाही. मशीनवर मागे घेतलेलाच प्रोग्राम राहिला.

नानांनीच पकडलं. सकाळी बोलणं झालं होतं, म्हणून मशीनवरची तारीख बदललेली नाही हे त्यांनी पाहिलं आणि स्पिंडल चालू करण्याआधी फोन केला. एकही नग गेला नाही.

एक्सओ नसता तरी दहा मिनिटांनी शेड्यूलरने पुन्हा नवी आवृत्ती ओढलीच असती, त्यामुळे माझी रीतच चुकीची होती. आता असं करते: लॉगमध्ये त्या रिव्हिजनवर 'रिव्हर्ट चेंजेस फ्रॉम धिस रिव्हिजन', मग कमिट. मजकूर जुना येतो पण तारीख आजची येते, आणि आज प्रोग्राम बदलला हे खरंही आहे. एक्सओही काढला. मशीनचं फोल्डर 'वितरण'सारखं हुबेहूब असावं म्हणून 'मिरर' पर्याय दिला. तो देण्याआधी ऑपरेटरनी त्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या ऑफसेटच्या टिपणांच्या फाइली बाजूला काढल्या, कारण मिरर जे मुळात नाही ते पुसतो.

२ जुलै

रात्रीच्या पावसात लाइट चार वेळा गेली. सकाळच्या दोन कमिटवर जानेवारी २०१५.

कमिटची वेळ सर्व्हर ठरवतो, माझा पीसी नाही. यामुळे एरवी फायदाच होतो, मशीनच्या पीसींची घड्याळं कशीही असली तरी चालतं. पण मग सर्व्हरचं घड्याळ बरोबरच लागतं. आमचा सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉप, त्याला इंटरनेट नाही आणि त्याच्या मदरबोर्डची नाण्याएवढी बॅटरी संपलेली. संध्याकाळी घरी जाताना एमजी रोडवरून दोन घेतल्या, ८० रुपये. एक बसवली, एक सर्व्हरच्या आत चिकटपट्टीने लावून ठेवली. दोन्ही रिव्हिजनची तारीख हुक पुन्हा ठेवून दुरुस्त केली. 'वितरण'मध्ये जुनीच तारीख दिसत राहिली, कारण वर्किंग कॉपी शेवटच्या कमिटची वेळ स्वतःजवळ लिहून ठेवते. पुन्हा नवं चेकआउट.

९ जुलै

नानांनी विचारलं, "तारीख प्रोग्रामच्या आतच येईल का? कंट्रोलच्या स्क्रीनवर फाइलीची तारीख कुठे दिसते?" कंट्रोल म्हणजे मशीनचा स्वतःचा संगणक. प्रश्न अगदी बरोबर आहे. प्रोग्राम कंट्रोलच्या मेमरीत गेला की फाइलीवरचा टाइमस्टॅम्प मागेच राहतो.

एसव्हीएनमध्ये कीवर्ड आहेत. फाइलीत दोन डॉलरच्या चिन्हांमध्ये 'डेट' लिहायचं, त्या फाइलीला कीवर्ड्सची प्रॉपर्टी द्यायची, की कमिट होताना तिथे तारीख भरली जाते. प्रोग्रामच्या दुसऱ्या ओळीत कंसात, म्हणजे कॉमेंटमध्ये, ते टाकलं. मशीनवर लोड केलं, त्याच ओळीवर अलार्म.

एसव्हीएन तारीख, वेळ आणि साडेपाचचा फरक लिहून झाल्यावर वार आणि तारीख पुन्हा कंसात लिहितं. कंसात कंस. कंट्रोलने पहिला बंद होणारा कंस दिसताच कॉमेंट संपली असं धरलं आणि उरलेला डॉलर व कंस कोड म्हणून वाचायला घेतला. मशीन रिकामं होतं, टेबलावर जॉब नव्हता. असं काहीही पहिल्यांदा करताना रिकाम्या टेबलावरच करा.

'डेट' काढून 'रेव्ह' टाकलं. त्यात फक्त रिव्हिजन नंबर येतो, कंस नाही. आमच्या कंट्रोलला कॉमेंटमधला डॉलर चालला. ३११ फाइलींत ही ओळ आज एकदम घातली असती तर सगळ्यांची तारीख आजची झाली असती आणि जूनची मेहनत पाण्यात. म्हणून जो प्रोग्राम कामासाठी उघडेल, त्यातच ती घालायची.

१५ जुलै

खर्च: बॅटऱ्या ८० रुपये, रिजेक्शन ७,०४० रुपये, सॉफ्टवेअर शून्य. माझा वेळ मोजून नऊ दिवस, त्यातले चार चुका निस्तरण्यात.

माझ्या पीसीवर आणि मशीनच्या पीसीवर एकाच फाइलीच्या वेळेत अजून थोडा फरक दिसतो. कमिट केल्याने माझ्याकडच्या फाइलीची तारीख बदलत नाही, तिथे मी सेव्ह केल्याची वेळ राहते. बाकी सगळीकडे कमिटची. आज चहाच्या वेळी दोन्ही शिफ्टच्या सेटरसमोर ठरवलं: मशीनच्या पीसीवरची वेळ ती खरी, ती म्हणजे प्रोग्राम शॉपला दिल्याची वेळ. पीसीशेजारी कागद लावला आहे. नानांनी त्यावर स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: 'स्क्रीनवरचा रिव्हिजन नंबर जॉबकार्डवर लिहिणे.' आज संध्याकाळपर्यंत चार जॉबकार्डांवर नंबर आला आहे.